एम.एस्सी.साठी जवळचे विद्यापीठ : वनस्पतिशास्त्राला होकार, रसायनशास्त्राला जपून

आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मुलांचे बी.एस्सी. संपत आले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : पुढचे शिक्षण कोल्हापूरला, पुण्याला, की रोज बसने जाऊन-येऊन करता येईल अशा ठिकाणी? आमच्या घरातील दोघांनी यांतला शेवटचा पर्याय निवडला. माझ्या मुलीने २०२१ च्या अखेरीस वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि आता ती त्याच विभागात पीएच.डी. करीत आहे, माझ्या पुतण्याने तिच्यानंतर एका वर्षाने त्याच विज्ञान शाखेत रसायनशास्त्र घेतले. मी स्वतः मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे दोघांच्या वह्या, जर्नले आणि तक्रारी मी थोड्या अधिक जवळून पाहिल्या. सीमाभागातील मुले पदव्युत्तर विज्ञानासाठी ज्या चार-पाच ठिकाणी जातात त्यांतीलच हे एक आहे. त्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण ज्या उणिवा पुढे लिहिल्या आहेत त्या मी एकाच ठिकाणी पाहिल्या असल्या तरी त्या तेवढ्याच ठिकाणच्या असतील असे मला वाटत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जो विषय पावसात, रानात आणि पठारावर शिकता येतो त्यासाठी ही शाखा उत्तम आहे, आणि ज्या विषयाचे पाऊल महागड्या यंत्रावाचून पुढे पडत नाही त्यासाठी येथे प्रवेश घेण्यापूर्वी नीट चौकशी करावी. शुल्क तेच, इमारत तीच, कार्यालयही तेच. तरीही दोन विषयांच्या विद्यार्थ्यांच्या पदरात दोन वर्षांनी जे पडते त्यात बरेच अंतर असते.

वनस्पतिशास्त्राविषयी मन भरून लिहावे असेच आहे. पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम नेहमीसारखाच होता : शैवाले, कवके, पेशीशास्त्र आणि त्यांची लांबलचक टिपणे. पुढच्या पावसाळ्यात मात्र विभागाने मुलांना जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि आंबोलीच्या बाजूला नेण्यास सुरुवात केली आणि मुलगी संध्याकाळी चिखलाने माखलेली, पण बोलायला उतावीळ झालेली अशी घरी येऊ लागली. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सप्टेंबरात सीतेच्या आसवांच्या फुलांचा जो निळा-जांभळा गालिचा पसरतो तो आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण ही इवलीशी वनस्पती मुळांच्या जागी असलेल्या सूक्ष्म फुग्यांत पाण्यातील जीव पकडून पचवते, कारण जांभ्यावरील पातळ मातीत नत्र फारच थोडे असते, हे मला माझ्या मुलीने त्या सड्यावर उकिडवे बसून दाखवले. मी पंचवीस वर्षे कीटकभक्षी वनस्पतींचा धडा शिकवतो आहे आणि दर वर्षी फळ्यावर घटपर्णीचे चित्र काढतो आहे. आसामकडची ती घटपर्णी आमच्या मुलांनी कधी पाहिलेली नाही, आणि घराजवळच्या सड्यावरचे उदाहरण मात्र मी एकदाही दिले नव्हते.

विभागातील शिक्षकांची एक गोष्ट मला विशेष आवडली. ते वनस्पतीचे नाव सांगण्याची घाई करीत नाहीत. विद्यार्थ्याने आधी फूल उलगडावे, पुंकेसर मोजावेत, बीजांडकोशाचा छेद घ्यावा आणि मग वर्णनाशी ताडून पाहत स्वतः नावापर्यंत पोहोचावे, असा त्यांचा आग्रह असतो. हे ताडून पाहण्याचे कामही आमच्या भागात मोठे मजेशीर आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, पण थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात तो आजही मुंबई इलाख्यातच आहे. त्यामुळे जुन्या नोंदींसाठी कुक आणि नंतरच्या नोंदींसाठी कर्नाटकाचे ग्रंथ, असे दोन्ही टेबलावर उघडून ठेवावे लागतात. नमुने गोळा करण्याची परवानगीही कणकुंबीच्या बाजूला एका राज्याच्या वनखात्याची आणि आंबोलीच्या बाजूला दुसऱ्या राज्याच्या वनखात्याची लागते. झाड मात्र दोन्हीकडे तेच!

चौथ्या सत्रातील प्रकल्पासाठी मुलीने एका सड्यावरील वनस्पतींच्या फुलोऱ्याचा काळ नोंदवला. जून ते ऑक्टोबर दर दहा दिवसांनी ती त्याच जागी जात होती. घरातील वर्तमानपत्रे रद्दीवाल्याकडे जाण्याऐवजी तिच्या नमुन्यांच्या घड्यांत जाऊ लागली. पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, नाही तर नमुन्याला बुरशी धरते, आणि आमच्या स्वयंपाकघरातील चुलीवरच्या फळीवर कितीतरी नमुने वाळले, याबद्दल तिच्या आईचे मत वेगळे आहे. सुमारे ४२ बाय २८ सेंटीमीटरच्या जाड कागदावर ते शिवून, खाली ठिकाण, उंची, तारीख आणि अधिवास लिहून तिने विभागात जमा केले. तिच्या मार्गदर्शकांनी त्यांतील अकरा नमुने परत केले, कारण मूळ किंवा फळ नव्हते. तेव्हा ती रडकुंडीला आली होती; आज ती स्वतः कनिष्ठ विद्यार्थ्यांचे नमुने परत करते.

आता कोणी विचारील की वनस्पतिशास्त्रच शिकायचे तर कोल्हापूर का नको? प्रश्न योग्य आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग पश्चिम घाटातील वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी नावाजलेला आहे, त्याचे वनस्पती उद्यान आमच्या विभागाच्या चार कुंड्यांशी तुलना करण्यासारखे नाही, आणि कंदीलपुष्पाच्या कुळात कोणाला काम करायचे असेल तर मी त्याला डोळे झाकून तिकडेच पाठवीन. आमच्या मुलीच्या बाबतीत निर्णय झाला तो तीन कारणांनी : तुकडी लहान होती, रान घराच्या मागेच होते, आणि खोलीभाडे व खाणावळ वाचत होती. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून स्त्रियांचा प्रवास मोफत झाल्यावर तर तिचा पासाचाही खर्च संपला. पुतण्याला अर्थातच पास काढावा लागत होता, आणि तो त्याबद्दल अजूनही बोलून दाखवतो.

प्राणिशास्त्राबद्दल मला ऐकीवच माहिती आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या भीमगडच्या परिसरात बारापेडे गुहा आहेत आणि तेथे रॉटनच्या मुक्तपुच्छ जातीची वटवाघळे राहतात. या जातीचे वर्णन १९१३ साली झाले आणि पुढे कित्येक दशके जगात तिचे हे एकच ठिकाण माहीत होते. मेघालय आणि कंबोडियातील नोंदी नंतरच्या आहेत. अशा गुहा हाकेच्या अंतरावर असलेल्या विभागाने वटवाघळांवर सातत्याने काम करावे, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक प्रकल्प तलावातील माशांवर आणि पाण्याच्या गुणवत्तेवर होतात असे कळले. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, त्यामुळे पाण्यावरील कामही उपयोगाचेच आहे. पण त्या गुहा मनातून जात नाहीत. भूगर्भशास्त्राचा विभाग तर या शाखेत नाहीच. एका बाजूला डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट, दुसऱ्या बाजूला कलादगीचे प्राचीन खडक आणि घटप्रभेला सुमारे ५२ मीटर खाली टाकणारा गोकाकचा वालुकाश्माचा कडा, एवढे सारे एका जिल्ह्यात असताना हा विषय शिकवला जाऊ नये, हे मला आजही पटत नाही. गणिताला यंत्र लागत नाही, आणि गोकाक तालुक्यातील ममदापूरचे दादासाहेब पावटे केंब्रिजचे रँग्लर (गणिताच्या पदवी परीक्षेत पहिला वर्ग मिळवणारे) होऊन पुढे १९५४ ते १९६७ कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू राहिले, हे आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात. गणित विभागाची मुले नेटच्या (महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) तयारीबद्दल समाधानी दिसली.

रसायनशास्त्राकडे वळताना थोडा कडू सूर लागणार, त्याला इलाज नाही. शिकवणे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. भौतिक रसायनशास्त्राच्या तासांबद्दल पुतण्या आजही आदराने बोलतो, आणि क्वांटम यांत्रिकीचे जे टिपण त्याने आणले होते ते मी स्वतः दोनदा वाचले. अडचण आहे ती हाताने करण्याच्या कामात. सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेत धूर ओढून घेणारी दोन कपाटे होती, त्यांतील एकाचा पंखा दोन वर्षे बंद होता. त्यामुळे चोवीस मुलांनी एकाच कपाटासमोर पाळी लावायची किंवा खिडक्या उघडून काम करायचे, असा प्रकार होता. ऊर्ध्वपातित पाणी सकाळी संपत असे. अतिनील-दृश्य वर्णपटमापी आणि अवरक्त वर्णपटमापी ही, पदार्थ कोणता प्रकाश शोषतो ते मोजणारी यंत्रे विभागात होती व चालूही होती, पण विद्यार्थ्याने नमुना द्यायचा आणि सहायकाने छापील आलेख हातात ठेवायचा, अशी पद्धत होती. नमुना यंत्रात ठेवण्याआधी तो किती सौम्य करावा, आधाररेषा कशी घ्यावी, आलेखातील कोणता उंचवटा पाण्याचा आणि कोणता संयुगाचा, हे चार वेळा चुकल्याशिवाय कळत नाही, आणि चुकण्याची संधीच मिळाली नाही.

चुंबकाच्या साहाय्याने रेणूची रचना ओळखणाऱ्या एनएमआर यंत्राची गोष्ट वेगळी आहे, आणि ते नसल्याबद्दल मी विभागाला दोष देणार नाही. त्या यंत्रातील अतिवाहक (विजेला रोध न करणारा) चुंबक सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव हेलियममध्ये सतत बुडवून ठेवावा लागतो, हेलियम आपल्याकडे आयात होतो, आणि तो वेळेवर भरला नाही तर चुंबकाची अतिवाहकता नाहीशी होऊन उरलेला हेलियम क्षणात उकळून निघून जातो. यंत्र विकत घेण्यासाठी एकदा अनुदान मिळेलही, पण ते दर वर्षी जिवंत ठेवण्याचा खर्च लहान विद्यापीठाला झेपत नाही. म्हणूनच नमुने धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील किंवा मुंबईच्या आयआयटीतील उपकरण केंद्राकडे पाठवण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. माझी तक्रार आहे ती पाठवण्याच्या व्यवस्थेबद्दल. पुतण्याने तयार केलेल्या संयुगाचा नमुना एका सहीसाठी सोळा दिवस टेबलावर पडून राहिला, अहवाल तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आला, आणि त्या अहवालावरून असे दिसले की संयुग शुद्ध नव्हते. महिनाभर आधी कळले असते तर त्याने ते पुन्हा केले असते. त्याला गुण चांगले मिळाले, हे त्याहून वाईट.

पुढे गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात मुलाखतीला गेल्यावर त्याला पहिलाच प्रश्न आला तो एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) स्वतः चालवले आहे काय, हा. त्याने खरे सांगितले. नोकरी तेथे मिळाली नाही. तीन महिन्यांनी दुसरीकडे शिकाऊ म्हणून मिळाली आणि सहा महिन्यांत तो ते यंत्र सराईतपणे हाताळू लागला. म्हणजे मुलगा कच्चा नव्हता. जे काम दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांत शिकवता आले असते ते राहून गेले होते.

ग्रंथालयाच्या बाबतीत परिस्थिती अलीकडे सुधारली आहे. पूर्वी एखाद्या परदेशी नियतकालिकातील लेख हवा असला की मुले धारवाडच्या किंवा पुण्याच्या मित्राला निरोप धाडीत. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली आणि सरकारी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली. मुलीच्या कामाला याचा खरोखर उपयोग झाला. मात्र वाचनकक्ष संध्याकाळी साडेपाचला बंद होतो, आणि जंगलातून परतणाऱ्या विद्यार्थ्याला साडेपाच म्हणजे चहाची वेळ असते.

कार्यालयाविषयी लिहिताना संयम ठेवतो. मुलीच्या मार्क्स कार्डावर आडनावाचे एक अक्षर चुकले. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम, आणि तिकडे आडनाव आधी व मग आद्याक्षरे. या ओढाताणीत दर वर्षी काही मुलांची नावे बदलतात. दुरुस्तीसाठी अर्ज, चलन, शपथपत्र, दहावीचे प्रमाणपत्र असे सर्व देऊनही पाच महिने आणि सात फेऱ्या लागल्या. खिडकीवर ‘नाळे बर्री’ (उद्या या) हे उत्तर आम्हाला पाठ झाले. मराठी असल्यामुळे मुद्दाम त्रास दिला जातो, असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. मी त्या रांगेत उभा राहून पाहिले आहे, आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या बैलहोंगलच्या कन्नड मुलालाही तेच उत्तर त्याच सुरात मिळाले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. वेगळा होता तो फक्त आम्ही त्याचा लावलेला अर्थ.

भाषेचा खरा प्रश्न वर्गात येतो, आणि तोही पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरता. व्याख्यान इंग्रजीत असते, शंकेचे निरसन बहुधा कन्नडात होते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या डोक्यात ‘क्षपण’ असते तेव्हा फळ्यावर ‘रिडक्शन’ असते. पीयूसीची (अकरावी-बारावीची) दोन वर्षे आणि बी.एस्सी.ची तीन वर्षे इंग्रजीत काढूनही हा अडसर पूर्णपणे जात नाही, हे मी शिक्षक म्हणून मान्य करतो, आणि त्यात आमचाही वाटा आहे, कारण आम्ही हायस्कुलात परिभाषा पाठ करून घेतो पण तिच्या शेजारी इंग्रजी संज्ञा लिहून देत नाही. विभागातील दोन शिक्षक मराठी समजतात आणि विचारल्यास मराठीत सांगतातही. मुलगी आता बऱ्यापैकी कन्नड बोलते; रानात वनरक्षकांशी आणि गवळ्यांशी बोलताना त्याचा तिला जितका उपयोग झाला तितका विभागातही झाला नसेल.

संशोधनाची बाजू पाहायची तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम माहीत असावेत. पीएच.डी.ला किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षे, सुरुवातीला किमान बारा श्रेयांकांचा कोर्सवर्क आणि दर सत्रात सल्लागार समितीसमोर प्रगतीचा आढावा, अशी त्यांची चौकट आहे. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे ज्या विभागात कायम शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतात तेथे पात्र विद्यार्थ्यालाही मार्गदर्शक मिळत नाही. मुलीला अकरा महिने थांबावे लागले. पैशांचाही हिशेब आधीच करावा. नेटमधून कनिष्ठ संशोधन वृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात. ती न मिळाल्यास केंद्रीय विद्यापीठातील विद्यार्थ्याला निदान ८,००० रुपयांची वेगळी वृत्ती असते, पण राज्य विद्यापीठातील विद्यार्थ्याला आयोगाकडून तीही नाही. आमची मुलगी सकाळी एका महाविद्यालयात तासिकेवर शिकवते आणि दुपारी विभागात जाते. तिचे काम चांगले चालले आहे, आढाव्याच्या वेळी समितीने खरोखर प्रश्न विचारले, आणि मार्गदर्शक वर्षातून चार-पाच वेळा तिच्याबरोबर पठारावर येतात. याहून अधिक मी मागणार नाही.

सीमेवरच्या मुलांसाठी सेट, म्हणजे महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या राज्य पातळीवरील पात्रता परीक्षेची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती वर्गात कोणी सांगत नाही. के-सेट उत्तीर्ण झाल्यास ती कर्नाटकातील महाविद्यालयांपुरती चालते आणि पुण्याहून घेतली जाणारी सेट महाराष्ट्र व गोव्यापुरती. चंदगडला किंवा गडहिंग्लजला नोकरी शोधण्याचा विचार असेल तर एकट्या के-सेटवर विसंबून चालणार नाही. नेट दोन्हीकडे चालते. एम.एस्सी. येथे करून पुढे शिवाजी विद्यापीठात जायचे असेल तर मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्राचे अर्ज निकाल लागल्याच्या आठवड्यातच भरावेत; वर सांगितलेल्या सात फेऱ्यांचा अनुभव लक्षात घेता मी हे आग्रहाने सांगतो.

प्रवेशाआधी विभाग पाहायला जाणाऱ्या पालकांनी सुट्टीत जाऊ नये, प्रात्यक्षिकाच्या दिवशी जावे. वनस्पतिशास्त्रासाठी नमुन्यांच्या कपाटाचे दार उघडून गेल्या पावसाळ्यातील नमुने आहेत काय ते पाहावे. रसायनशास्त्रासाठी प्रत्येक यंत्राशेजारी एक नोंदवही ठेवलेली असते. तिच्यात शेवटची नोंद कोणत्या महिन्याची आहे आणि सही विद्यार्थ्याची आहे की फक्त सहायकाची, ते वाचावे. पुतण्याच्या प्रवेशाच्या वेळी मी विभागप्रमुखांच्या खोलीत बसून चहा घेतला आणि ती वही पाहिली नाही.